पाचव्या गाण्यातल्या रिकाम्या जागा

राहात्यातून आजवर एकच गायिका नावारूपाला आली, आणि तिच्या नव्या अल्बमवर पेपरात पहिलं वाकडं लिहिणारी बाई तिच्याच चर्चमध्ये हार्मोनियम वाजवणारी निघाली. ती बाई मी. नावं इथे कुणाचीच लिहीत नाही. गावातल्या सगळ्यांना ती माहीत आहेत आणि बाकीच्यांचं त्यांच्यावाचून काही अडणार नाही.

मी मूळची नगरची. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, पण कंडक्टर अजून नगर-नगर म्हणूनच ओरडतो. लग्न होऊन राहात्याला आले, हायस्कुलात मराठी शिकवलं, निवृत्त झाले. चर्चमधली हार्मोनियम मात्र सुटली नाही. नगरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा मी गाण्यांवर, कार्यक्रमांवर लिहिते. संपादक मला समीक्षक म्हणतो. नवरा म्हणतो, नाक खुपसायला हिला आता छापील जागा मिळाली. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

तर ही मुलगी. आठ वर्षांची असल्यापासून ती माझ्या संडे स्कूलच्या गायनात होती. आवाज स्वच्छ, सूर पक्का, आणि एकच खोड. एक ओळ म्हटली की थांबायची. बाकीची मुलं पुढच्या ओळीवर गेलेली असायची आणि ही तोंड मिटून, मान जराशी कलती करून उभी. "थांबतेस काय? पुस्तकात बघ आणि पुढं चल," असं मी तिला इतक्यांदा म्हटलं की पुढे पुढे बाकीची पोरंच तिला कोपराने ढोसायला लागली. वर्षभरात खोड गेली. मी घालवली, असं मी अभिमानाने सांगत असे.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली, कुठल्या कुठल्या बँडमध्ये गायली, मुंबईला गेली. तिचा पहिला अल्बम इतका चालला की आमच्याकडच्या एकाही लग्नाची वरात त्यातल्या एका गाण्याशिवाय हलेना. मग हा नवा आला. आला म्हणजे हल्ली येतो तसा, दुकानात नाही, मोबाईलमध्ये. नऊ गाणी. आठ गाणी नाचरी, झगमगीत, आणि मधेच हे पाचवं.

पाचव्या गाण्यात एक दबकी ढोलकी आणि खाली एक लांबलेला सूर, एवढंच. ती एक ओळ म्हणते, "पाणी भरून ठेवलंय, ये." आणि गप्प. ढोलकी चालूच. मग "दार लोटून ठेवलंय, ये." पुन्हा गप्प. "ताट वाढून ठेवलंय, ये." पुन्हा तेच. मी चौकस बाई. मी घड्याळ लावून त्या शांतता मोजल्या. ओळ जेवढी लांब तेवढीच तिच्यानंतरची शांतता, ना कमी ना जास्त. हे मी पेपरात लिहिलंसुद्धा: "गायिकेने प्रत्येक ओळीमागे ओळीएवढीच रिकामी जागा सोडली आहे. मोजमाप चोख आहे, पण श्रोत्याने त्या जागेत करायचं काय, याचं उत्तर गाण्यात नाही. खोड जुनी आहे." शेवटचं वाक्य लिहून मला फार बरं वाटलं होतं. आपण हिला लहानपणापासून ओळखतो हे चार लोकांना कळावं, एवढाच त्याचा उपयोग होता.

आणखी एक कबूल करून टाकते. हा सगळा अल्बम मी ओट्याशी बसून, मोबाईल तेलाच्या बरणीला टेकवून, गवार निवडत ऐकला होता.

माझं एकटीचंच मत असं होतं असं नाही. गाण्याखाली ऐकणाऱ्यांनी लिहिलेलं मी रोज सकाळी चहाबरोबर वाचत होते. "नेट स्लो आहे की गाणं?" "ताई, अर्धंच अपलोड झालंय, चेक करा." "दोन नंबर लय भारी, पाच नंबर स्किप." एकाने तर शांतता सुरू होते ती वेळ आकड्यात लिहून खाली "इथे मी पाणी पिऊन आलो" असं लिहिलं होतं आणि त्याला भरपूर लोकांनी अंगठा दाखवला होता. जाणकारांचं वेगळंच. पुण्याच्या एका समीक्षकाला वाटलं, गायिकेचा दम कमी पडतोय आणि ती जागा मिळेल तिथे श्वास घेतेय. मुंबईच्या एका इंग्रजी वेबसाइटवरच्या गृहस्थांना त्या शांतता इतक्या आवडल्या की त्यांनी त्यावर दोन परिच्छेद लिहिले. त्यांच्या मते तो महानगरातल्या माणसाचा एकटेपणा होता. मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं. एकाच गाण्यात एकाला दम लागलेला दिसतो, दुसऱ्याला एकटेपणा, तिसऱ्याला बिघडलेलं नेट, याची मला भारी गंमत वाटत होती. चौथी मी होते, हे त्या गमतीत माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

माझं लिखाण छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिचे वडील आमच्या दारात उभे राहिले.

ते शुगर फॅक्टरीत फिटर होते. पण लोक त्यांना मास्तर म्हणत, कारण नोकरीत असल्यापासून दर शनिवारी ते सायकलवरून वस्त्यांवर जाऊन प्रार्थना चालवायचे, गाणी सांगायचे. मुलगी लहान असताना पुढच्या दांड्यावर बसून त्यांच्याबरोबर जायची. मी कधी त्या वस्त्यांवर गेले नव्हते. माझं गाणं म्हणजे रविवारचं, मोठ्या चर्चमधलं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक असलेलं. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून गळ्याला पांढरा रुमाल आणि काखेत शाळकरी पाटी. बोलायचं ते पाटीवर लिहायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, पुन्हा लिहायचं.

मला वाटलं, भांडायला आले. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते काही लिहायच्या आत मीच बोलायला लागले, "मास्तर, बाकीची आठ गाणी फार छान झालीत हो." त्यांनी मला हाताने थांबवलं आणि पाटी पुढे केली. "चांगलं लिहिलंय." मला हायसं वाटलं. मग त्यांनी ती पुसली आणि लिहिलं, "आता ऐकून लिहा."

मी लाजले. गवारीचं यांना कुणी सांगितलं, असाच विचार आधी मनात आला.

मग त्यांनी मोबाईल काढून मुलीचा मेसेज दाखवला. तो मला जवळजवळ पाठ आहे. "पप्पा, कंपनीवाले म्हणतात पाचव्या गाण्यातल्या जागा कापून ते नव्याने टाकू. पहिल्याच जागेला लोक गाणं सोडून जातात. मी रविवारपर्यंत वेळ मागितलाय. तुम्ही आपल्या लोकांना ऐकवा आणि काय म्हणतात ते खरं खरं कळवा. आपल्या माणसांनाही नको असेल तर मी कापते."

मास्तरांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. वर सुबक अक्षरात "अभिप्राय" लिहिलेलं. दुसऱ्या पानावर माझी समीक्षा कात्रीने नीट कापून डकवलेली. पहिलं पान कोरं होतं. मी विचारलं, हे का सोडलंय? त्यांनी पाटीवर लिहिलं, "तुमच्यासाठी. शेवटी लिहा."

समीक्षा छापून आल्यावर अभिप्राय मागायला माणूस वही घेऊन दारात येतो, हे मला कुठल्या संपादकाने सांगितलं असतं तर मी हसले असते. पण रविवारपर्यंत सहा दिवस होते. माझ्या अंगात उत्सुकतेचा किडा असल्यामुळे मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर. तुम्ही ऐकवा, मी विचारते." नवरा आतून म्हणाला, "जा, जा. तुझ्या सासूबाई गेल्यापासून तुला चौकशी करायला घरात कुणी उरलंच नाही."

त्याच दिवसापासून पाच दिवस आम्ही दोघं राहात्यात फिरलो. मास्तर मोबाईल आणि एक लहान स्पीकर पुढे करायचे, मी प्रस्तावना करायची, आणि गाणं संपलं की वही आणि पेन पुढे. लोकांनी फार मनापासून लिहिलं. सलूनवाल्याने दाढीचा साबण लागलेल्या हाताने लिहिलं, "दोन नंबर ए-वन. पाच नंबरला दोनदा वाटलं लाईट गेली." रिक्षावाल्याने स्टँडवरून फेरी मारताना गाणं लावलं आणि परत येऊन सांगितलं की पॅसेंजर म्हणाला, दादा, तुमचं मशीन अडकतंय, बंद करा. कॉलेजच्या तीन मुलींनी मिळून एकच वाक्य लिहिलं आणि त्याखाली तोंड पाडलेला एक चेहरा काढला.

पेरूच्या बाजारात एक बाई टोपल्या लावत होती. तिने हात न थांबवता सगळं गाणं ऐकलं. मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "आवाज लई ग्वाड हाय वो पोरीचा. पन मधी मधी कुठं जाती?"

"म्हणजे?"

"म्हंजी बोलावती आन् निघून जाती. दारात उभं ऱ्हावं का न्हाई मानसानं?"

लिहिता येत नाही म्हणाली, म्हणून ते मी लिहून घेतलं. मास्तर ते वाचून किती तरी वेळ त्या पानावर थांबले. मला वाटलं, त्यांना लागलं.

भजनी मंडळात टाळ धरणारे एक शेतकरी होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. गायिका गप्प झाली की त्यांचा हात मांडीवर ठेका धरायचा. संपल्यावर म्हणाले, "ठेका सुटत न्हाई, हे खरं हाय. पन तिच्यामागं कुनीतरी पायजे हुतं." मी ते लिहिलं आणि पुढे त्यावर काही विचार केला नाही. आता ते पान उघडलं की मला माझीच चीड येते. बाजारातल्या बाईने आणि टाळकऱ्याने मला दोन्ही हातांनी उत्तर दिलं होतं, आणि मी ते शुद्ध अक्षरात उतरवून पान उलटलं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आमच्या ओसरीवर वही चाळली. पाचव्या गाण्याच्या बाजूने धड एकही ओळ नव्हती. मी स्पष्टच म्हणाले, "मास्तर, खरं कळवायचं म्हणताय तर हे असं आहे. आपल्या लोकांनाही ते नको आहे. कापू दे तिला. बाकी गाणं गोड आहे, जागा गेल्या तर चालेलही." त्यांनी वही मिटली आणि पाटी हातात घेतली. मग लिहिलं, "एक ठिकाण राहिलं. उद्या पाच वाजता."

शनिवारी त्यांनी मला रिक्षाने कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीवर नेलं. पेरूच्या बागांमधून रस्ता, शेवटी दहा-बारा घरं, एका अंगणात सतरंजी घातलेली. शनिवारची प्रार्थना व्हायची होती. सात-आठ म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे बसले होते. सगळी शेतात राबलेली माणसं, शाळेचं तोंड न पाहिलेली. प्रार्थना चालवायला आता एक तरुण प्रचारक यायचे. त्यांनी आणलेल्या स्पीकरवर गाणी वाजायची आणि शब्द मोबाईलवर दिसायचे. त्या दिवशी त्यांना यायला उशीर होत होता.

मास्तरांना बघून म्हाताऱ्या उठूनच उभ्या राहिल्या. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा तिथे येत होते. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मास्तर, तुमी यायचं थांबला आन् आमी गानं म्हनायचंच सोडलं बगा. आता निस्त्या टाळ्या वाजवतो."

मला तो टोमणा तरुण प्रचारकांना आहे असं वाटलं.

मास्तरांनी स्पीकर सतरंजीच्या मधोमध ठेवला. मी नेहमीची प्रस्तावना केली, ही मास्तरांच्या मुलीची गाणी आहेत, ऐका आणि काय वाटतं सांगा. "ती दांड्यावर बसून यायची ती व्हय?" एकीने विचारलं. मी हो म्हटलं. मास्तरांनी पाचवं गाणं लावलं.

"पाणी भरून ठेवलंय, ये."

ढोलकी. मी सवयीने डोळे मिटून शांतता मोजायला लागले. कुणीतरी घसा खाकरला.

"दार लोटून ठेवलंय, ये."

आणि त्या शांततेत माझ्या डावीकडून एक जाड, फाटका, पण बिनचूक सूर आला, "दार लोटून ठेवलंय, ये." ती सगळ्यांत म्हातारी बाई. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी डोळे उघडले, तर ती पुढे बघत होती, गाणं कधी पुढची ओळ देतंय याची वाट बघत.

"ताट वाढून ठेवलंय, ये."

या वेळी पाच-सहा जणी एकदम. एक म्हातारा खालच्या सुरात. ओळ संपली आणि त्याच क्षणाला स्पीकरमधून मुलीने पुढची ओळ उचलली, जशी काही ती त्या अंगणातच बसली होती आणि यांचं म्हणून व्हायची वाट बघत होती. चौथ्या ओळीला सगळं अंगण गात होतं. मोजमाप चोख होतं, मी पेपरात लिहिलं होतं तसं.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते मंडळींबरोबर गात नव्हते. मुलीच्या आधी अर्धा क्षण ते पुढची ओळ ओठांनी म्हणत होते, बिनआवाजाची, आणि हात जरासा वर उचलत होते. मग मुलगी ती ओळ म्हणत होती आणि मग अंगण ती घेत होतं.

गाणं संपलं. हार्मोनियमवर बसून बसून आयुष्य गेलं, आणि ही रीत माझ्या कानावरून एकदाही गेली नव्हती. माझ्या हातात नेहमी पुस्तक होतं. मी सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारलं, "आजी, तुम्हांला कसं कळलं की तिथं म्हणायचं?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं, शिकल्यासवरल्या बाईला एवढंही कळू नये म्हणून.

"त्यात कळायचं काय हाय? तिनं वळ दिली. दिल्यावर घ्यायला नगं?"

मग तिने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. आमाला वाचता येत न्हाई. मास्तर एक वळ म्हनायचे आन् थांबायचे. ती आमी म्हनायची. मग ते दुसरी द्यायचे. अशी वळीवळीनं सगळी गानी केली आमी. ती पोरगी बापाजवळ बसायची, अन् ध्यान देऊन ऐकायची आमी बराबर घेतो का न्हाई ते. चुकलं तर थांबायची. आमाला टाकून पुढं जायची न्हाई कधी.

मला त्या क्षणी ती आठ वर्षांची मुलगी दिसली, माझ्या संडे स्कूलमध्ये, तोंड मिटून, मान कलती करून उभी. ती विसरत नव्हती. दम लागत नव्हता. तिने ओळ दिली होती आणि आम्ही ती घेण्याची ती वाट बघत होती. आणि मी तिला म्हणत होते, थांबतेस काय. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या अंगणात ज्याच्यापासून लपवावं असं कुणी नव्हतंही.

"मास्तर, तुम्हांला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणाले. "सांगितलं का नाही? पाच दिवस उन्हातून हिंडवलंत मला."

त्यांनी पाटीवर लिहिलं, "सांगितलं असतं तर तुम्ही चांगलंच लिहिलं असतं. तिला खरं हवं होतं."

वही पुढे करायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्या हसायलाच लागल्या. "आमी काय लिवनार?" मी म्हटलं, लिहायचं नाही, पुन्हा म्हणायचं. मास्तरांनी गाणं पहिल्यापासून लावलं. या खेपेला पहिल्या ओळीची जागासुद्धा रिकामी गेली नाही. मी माझ्या मोबाईलवर ते सगळं टिपलं, कोंबडीच्या ओरडण्यासकट, आणि तिथूनच मुलीला पाठवलं. सोबत आजीचं वाक्य होतं तसं लिहिलं. आणि त्याखाली लिहिलं, "तुला मी पुढं चल म्हणायचे, ते चुकलं." एवढं लिहायला मला पेपरातल्या अख्ख्या समीक्षेपेक्षा जास्त वेळ लागला.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. तरुण प्रचारक आले, प्रार्थना झाली, आम्ही घरी आलो, तरी उत्तर नाही. रात्रभर मला धाकधूक. आपण उशीर केला, कापून झालं असेल, असंच वाटत राहिलं.

रविवारी सकाळी चर्चमध्ये भक्तीला, म्हणजे उपासनेला गेले. हार्मोनियम वाजवताना मी पहिल्यांदाच समोर जमलेल्या मंडळीकडे नीट पाहिलं. मागच्या दोन बाकांवर कामाला जाणाऱ्या काही बाया असतात. त्यांच्याही हातात पुस्तकं होती. दोघींची ती मिटलेलीच होती. इतकी वर्षं मी त्यांना आळशी समजत आले होते.

चर्चच्या आवारातच मोबाईल वाजला. मुलीचा मेसेज होता. "बाई, कापत नाही. काल कंपनीला ते अंगण ऐकवलं. ते म्हणाले हे लोक कोरसमध्ये टाकू. मी म्हटलं नको, जागा रिकामीच राहू द्या, ज्याला घ्यायची तो घेईल. पप्पांना तुम्ही सांगा. मी फोन केला तर मीच रडते आणि त्यांना नुसतं ऐकावं लागतं."

मी तशीच मास्तरांच्या घरी गेले. वाटेत संपादकाला फोन लावून सांगितलं की माझं पाचव्या गाण्याबद्दलचं चुकलं, मला पुन्हा लिहायचंय. तो म्हणाला, "मॅडम, त्या अल्बमचं झालं आता. नवीन काहीतरी घ्या ना." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मास्तर पडवीत बसले होते, पाटी मांडीवर. मी मेसेज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, गळ्यावरचा रुमाल नीट केला. मग वही काढून पहिलं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. पाटीवर लिहिलं, "तुमचा राहिला."

मी पेन घेतलं. मनात वाक्यं जुळवायला लागले, चांगली चांगली वाक्यं, आणि एकही खरं वाटेना. शेवटी मी पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "लावा गाणं."

त्यांनी लावलं. "पाणी भरून ठेवलंय, ये," मुलगी म्हणाली आणि थांबली. मला वाजवता येतं, पण माझा गळा कधीच चांगला नव्हता. म्हणून तर मी हार्मोनियममागे बसते. तरी मी ती ओळ घेतली. दुसरी घेतली. तिसरीला आवाज चिरकला, तीही पूर्ण केली. मास्तर ओठ हलवत माझ्याकडे बघत होते, हात जरासा उचललेला.

गाणं संपलं. त्यांनी फडक्याने पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे वळवली.

"सूर उतरतोय. पुन्हा म्हणा."